शेवटच्या बाकावरचे आमदार

विधानसभेत बोललेला शब्दन्‌शब्द टिपून घेण्याची माझी नोकरी होती. एका दुपारी सभागृह जवळजवळ रिकामं असताना शेवटच्या बाकावरचे एक वयस्कर आमदार उभे राहिले. त्यांच्या भागातल्या बाळंतिणींना घाट उतरून न्यावं लागत होतं. आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

"माहिती घेऊन कळवतो," मंत्री म्हणाले. ते आमदारांच्याच पक्षाचे होते.

"मागच्या अधिवेशनात आपल्या दालनात भेटलो, तेव्हाही आपण हेच म्हणालात. आहे की नाही, तेवढं सांगा."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते खालीही बसले नाहीत. अखेर मंत्री हळूच म्हणाले, "नाही. महिन्याभरात देतो."

संध्याकाळी आमदार आमच्या खोलीत आले. आपलं भाषण सुधारायला बरेच जण येत, म्हणून मी कागद पुढे केला. त्यांनी फक्त गावाचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवून ते वाचलं.

"आमच्या गावाचं नाव इथं पहिल्यांदाच आलंय. नीट लिहिलंत," ते म्हणाले.

डॉक्टरबाई खरंच महिन्याभरात रुजू झाल्या. सरकारला जाब विचारायचा म्हणजे गरजायचं, असं मला तोवर वाटायचं. त्यानंतर मात्र कुणी शांतपणे उभं राहिलं, की मी जास्त लक्ष देऊन लिहू लागलो.