गयाआत्याची वाटी

खोकला आला की गयाआत्या आधी समोरच्याकडे डोळे वटारून पाहायची. उठून जायची कोणाची हिंमत आहे, ते तिला बघायचं असे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडून तिने एकटीने मुलगा वाढवला. "मी कोनाच्या बापाचं खाल्लं नाही," हे तिचं पालुपद.

आम्ही धम्म घेतला त्यानंतर चारपाच वर्षांनी तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. दवाखान्याने टीबी म्हटलं आणि घरात तिची वाटी वेगळी झाली. सून विमल वाईट नव्हती, भ्यायली होती. तिने तान्ह्या नातवालाही आजीच्या हाती देणं बंद केलं. रोगापेक्षा आत्याला तेच जास्त लागलं. सुया टोचून टोचून कंबर दुखायची, पण खोकला काही हटेना.

शेवटी अमरावतीच्या डॉक्टरांनी तिच्या थुंकीतले जंतू बाटलीत वाढवून पाहिले. ते निराळेच निघाले, उजेडात पिवळे पडणारे. "हा टीबी नव्हे, टीबीचा चुलतभाऊ," डॉक्टरांनी समजावलं. पाण्या-मातीत राहतो, नेहमीच्या औषधांना जुमानत नाही, पण एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आत्या खुशीत घरी आली आणि तिने हे वस्तीभर सांगितलं. झालं! लोक जास्तच बिथरले. आमच्याकडे चुलतभाऊ म्हणजे एकाच घरचा. भल्या माणसाला दुसरा शब्द सुचू नये?

वैशाख पौर्णिमेला विहारात खिरीची पंगत बसली. सगळ्यांपुढे पळसाचे द्रोण, आत्यापुढे मात्र घरून आणलेली तिची वाटी. माझ्या अंगाची आग झाली. आत्याने वाटी उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"हे वाटी मले चांगली मालूम आहे," ती शांतपणे म्हणाली. "गावात आपल्याले अशीच वेगळी भेटे. ते सोडून आलो ना आपून? मंग आता पुन्हा तेच कावून?"

वाढणाऱ्याचा हात थांबला. मग ती विमलकडे वळली. "रोग माह्या छातीत आहे, मांडीवर नाही. पोरगं दे."

विमल उठली. तिने पोर आत्याच्या मांडीवर ठेवलं, शेजारी बसली आणि त्याच वाटीतली खीर खाल्ली.

आत्या पुढे त्या खोकल्यानेच गेली. खोटं कशाला सांगू, तिला लागू पडेल असं औषध मिळालंच नाही. विमलने ती वाटी टाकली नाही, घरातल्या वाट्यांत मिसळून दिली. आता पाहुणे आले की सगळ्या वाट्या एकदम मांडल्या जातात. त्यातली आत्याची कोणती, हे विमललाही सांगता येत नाही.