टरबूज गार करायले गेली अन् बोट बंद पाडली

मैत्रिणींनो, दुपारपासून मी कोणाचाच फोन उचलून नाही राहिली. काहून, ते ऐका.

आज आमच्या पारातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्यांसोबत नवा रायपूरच्या तलावावर मोटरबोटीत बसलो. माहेरी आम्ही टरबूज दोरीनं विहिरीत सोडून गार करायचो. त्याच सवयीनं मी टरबुजाची पिशवी कपडे वाळवायच्या निळ्या दोरीनं बोटीमागं पाण्यात सोडली. कोणाले सांगितलंही नाही.

मधोमध बोट वळली अन् इंजिन घरघरून बंद पडलं. लेकरं रडायले लागली. सगळ्यांत आधी ओरडली कोण? मी.

"भैया, खराब इंजन लेकर लोगों को बिठाते हो? शरम नहीं आती?"

बोटवाले भैया इंजिनाकडं वळले. त्यांनी इंजिन वर उचललं. पंख्याले निळी दोरी गच्च गुंडाळली होती, अन् तिच्यात कपड्यांचा एक चिमटाही अडकला होता.

माझी पोट्टी जोरात म्हणाली, "मम्मी, ये तो अपनी बालकनी वाली रस्सी है!"

कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भैयांनी दोरी कापली, बोट काठाले लावली. उतरताना मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच "सॉरी" म्हटलं. त्यांनी मान डोलावून "हव दीदी" म्हटलं, अन् माझ्या पोट्टीले हात धरून उतरवलं.

ओरडली मी सगळ्यांसमोर, अन् माफी मागितली कानात. हेच मनाले खाऊन राहिलं. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिलं.

पण ते भैया या ग्रुपमध्ये कुठं आहेत?