दोन आरशांमधला शेठ

"डॉक्टरीणबाईंशी खोटं का बोललात तुम्ही?" न्हाव्याच्या बायकोनं दुकानात शिरताच विचारलं.

"हळू बोल. गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे की! त्यांना काय दिसत नाही? छाती बघा त्या पोपटाची. एक पीस धड नाही."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर फेस होता. ते बिचारं नजर चुकवायला बघत होतं. पण या दुकानात पुढे आरसा, मागे आरसा, नजर न्यायची कुठे? दोन आरशांच्या मधोमध पिंजरा आणि पिंजऱ्यात शेठ, स्वतःचंच पीस चोचीत धरून ओढत बसलेला.

न्हाव्याला सगळी गल्ली 'रेडिओ' म्हणते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटातलं काढून गल्लीभर ऐकवावं तर रेडिओनंच. शेठ आधी त्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा. बायको भाजी निवडायला बसली की ओरडून देठं मागायचा. दुकानासमोर नवं चकचकीत सलून उघडलं, तसा रेडिओनं शेठचा पिंजरा दुकानात आणून टांगला. "एकाचे शंभर पोपट दिसतील," तो बायकोला म्हणाला होता. "लोक बघायला येतील. त्यालाही सोबत!"

शेठ आरशातल्यांशी पुष्कळ बोलला. एकानंही उत्तर दिलं नाही. शिवाय दिवसभर ड्रायरची घरघर, स्प्रेचे फवारे. मग पिसं पडायला लागली. "शेठची हजामत कुणी केली हो? तुम्हीच ना?" गिऱ्हाइकं विचारायची. रेडिओ हसायचा, आणि त्याचे कान तापायचे.

शेवटी रेडिओ त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे डॉक्टरीणबाईंनी फिरून फिरून एकच विचारलं होतं, "काही बदललंय का? जागा, माणसं, आवाज? ताण आला की पोपट पिसं उपटतात." धंद्यासाठी पक्षी टांगला हे सांगायला रेडिओची जीभ रेटेना. "छे हो! खिडकीतच असतो, राजासारखा," तो म्हणाला.

मग त्यांनी थेंब दिले. रोज दाढीच्या टॉवेलात गुंडाळायचं, चोच उघडायची, थेंब सोडायचे. आता रेडिओचा हात दिसला तरी शेठ कोपऱ्यात दबकायचा.

"थेंब संपले म्हणून आज मी गेले होते," बायको म्हणाली. "तर त्या म्हणतात, खिडकीतल्या पोपटाला असं का व्हावं, मलाच कळेना, माझंच काही चुकतंय. स्वतःला बोल लावत होत्या हो! मला तोंड वर करवेना."

रेडिओ वस्तरा पुसत राहिला. स्वच्छ होता तरी.

"तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही सांगा."

"सांगतो. रविवारी."

"तोवर अंगावर काय उरेल त्याच्या?"

शेठनं आणखी एक पीस उपटलं. आरशांत शंभर चोचींनी उपटलं. रेडिओनं वस्तरा खाली ठेवला आणि आकड्यावरून पिंजरा काढला. हात जवळ येताच शेठ कोपऱ्यात अंग चोरून बसला. रेडिओनं मान दुसरीकडे वळवली.

"अहो, निघालात कुठे? एप्रन तरी काढा!"

"आणि माझा हा गाल?" फेसातून आवाज आला.

पायरी उतरून, पिंजरा छातीशी धरून, तो दवाखान्याच्या वळणाला लागलाही होता.