काकूंना दिसेनासे झालेले रंग

तेलंगणातल्या नार्नूरच्या मॅचिंगवाल्या काकूंनी मला त्यांच्या ओट्यावर शिलाई मशीन ठेवायला जागा दिली, म्हणून आज मी चार बायांत ताठ बसते. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना माझा जीव घाबरतो आणि आभार मागेच राहतात.

माझी शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन नार्नूरला आले तेव्हा शिवता येत होतं, पण कुणाकडे काम मागायची छाती नव्हती. काकूंचं ब्लाऊजपीस, फॉल, अस्तराचं दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. त्यांनीच एकदा हाक मारली, "पोरी, फॉल लावता येते न तुले? मंग घरात बसून काय अंडे उबवून राह्यली?" दुसऱ्या दिवशी माझी मशीन ओट्यावर आली. गिऱ्हाइकांशी बोलायलाही त्यांनीच शिकवलं.

काकूंसारखी नजर मी कुठे पाहिली नाही. गिऱ्हाइकाची साडी घेऊन त्या दुकानाबाहेर यायच्या, उन्हात एकदा धरायच्या आणि तिच्याच हातात परत देऊन आत जायच्या. कापडाच्या थानांच्या ढिगातून ओढायच्या तो कपडा नेमका त्या साडीचाच. "ट्यूबलाइट खोटं बोलते. ऊन नाई बोलत," म्हणायच्या. तेलुगू बायांना त्यांच्या शब्दांत पसुपु म्हणजे हळदी, आकुपच्च म्हणजे पानासारखा हिरवा, असं विचारायच्या. बाकी नावं त्यांची स्वतःची. कुणी केशरी मागितला की, "पळसाचं फूल झाडावरचं पायजे का खाली पडलेलं?" बाई हसायची, पण विचार करून उत्तर द्यायची.

एका लग्नसराईत त्यांनी मोरपंखी साडीवर राखाडी पीस दिला. साडी आमच्या ओळखीच्या शाळेतल्या बाईंची, लेकीच्या लग्नाची. बाई परत आल्या आणि थट्टेनं म्हणाल्या, "काकू, नवरीले राखुंडी फासता का?" आम्ही हसलो. काकू दोन्ही कपडे हातात घेऊन नुसत्या पाहत राहिल्या.

त्यानंतर साडी उन्हात नेणं बंद झालं. "तूच पाह्य," म्हणून त्या माझ्याकडे सरकवायच्या. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. एकदा कुणी नसताना हळूच म्हणाल्या, "पोरी, मले समदं राखेवानी दिसून राह्यलं." मला वाटलं, थकल्या असतील. घरच्यांना वाटलं, मोतीबिंदू. काका माणूस चांगले, पण बोलायला तिखट. "दुनियेले रंग दाखवता दाखवता तुयेच संपले का?" म्हणाले, आणि आदिलाबादला घेऊन गेले. सोबतीला मी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि डोळे साफ असल्याचं सांगितलं. काकांचा जीव भांड्यात पडला. काकूंचं तोंड मात्र उतरलं. जिन्यात मला म्हणाल्या, "मोतीबिंदू असता तर काढून तरी टाकला असता."

त्याच डॉक्टरांनी झोपेचं, भुकेचं विचारलं होतं आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली होती. काका कुरकुरत आले. मनाच्या त्या तरुण डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहिते. उदासीचा आजार झाला की माणसाला जग फिकं वाटतं, ही नुसती बोलायची रीत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला उजेड-अंधारातला फरक खरोखरच कमी कळू शकतो. मेंदूत काही रसायनं असतात. त्यातलं डोपामाईन नावाचं एक आनंदासाठी, उमेदीसाठी लागतं, आणि तेच त्या पडद्यातही काम करतं. तिथं बिघाड होत असावा. सगळं अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

काकूंनी एकच विचारलं, "म्हंजे मी खोटं नाई सांगून राह्यली न?"

"नाही आई. तुम्हाला दिसतं तेच सांगताय."

तेव्हा काकू रडल्या. काकांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, असं सांगितलं होतं. आमच्या गल्लीला एवढा धीर कुठला? काय कमी आहे तुले, लेक मंचेरियलला सुखात आहे, दुकान चालतं, मग काऊन असं करते, असं जो तो विचारायचा. कारण असतं तर काकूंनी ते सांगून सुटका करून घेतली असती. मीही वेडेपणा केला. रिळं पुढे मांडून विचारलं, हा कोणता? त्यांनी पोपटी रीळ बोटांत फिरवलं आणि म्हणाल्या, "तू म्हणते म्हणून हिरवा." मी रिळं गोळा करून ठेवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

थोडा फरक पडत होता. एकदा त्यांनी स्वतःहून चहा मागितला, तेवढ्यानं मला हुरूप आला. पण त्याच सुमाराला नवऱ्याला तमिळनाडूत तिरुपूरला कपड्याच्या कारखान्यात काम लागलं आणि मशीन विकून आम्ही निघालो. काकू ओट्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "जाय. तिथं घाबरू नको." घाबरण्यासारखं तर मी त्या ओट्यावरच सोडून चालले होते.

आता फोन करते. कधी त्या उचलतात, कधी काका. मागच्या वेळी काका म्हणाले, गोळ्यांनी फार झोप येते, सवय लागते म्हणतात लोक, म्हणून बंद केल्या. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारा. ते म्हणाले, "तू तिकडून कायले जीव जाळते?" मग काकू फोनवर आल्या. आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी आपली भाषा नसलेल्या गावात, शेकडो कोसांवर, कॉलर जोडत बसलेली. इथून मी काय करणार?

पण काकू, सुट्टी मिळेल तेव्हा मी येईन. तुम्हाला आदिलाबादच्या बसमध्ये बसवीन, त्याच डॉक्टरांपुढे तुमच्या शेजारी बसेन. तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही सांगा. लोक हसले, तर त्यांच्याशी मी बोलीन. तुम्ही मला बोलायला शिकवलंत, त्याची फेड मी अशीच करणार आहे.