वरच्या मजल्यावरची तांत

अख्ख्या कोल्हापुरात इतका निरुपद्रवी आणि इतका त्रासदायक माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे कसबा बावड्यातल्या माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर. तीस वर्षांपूर्वी भाड्याने आले, अजून आहेत. कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजत नोकरी केली आणि निवृत्त झाले. घराणं जैन. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत. जिन्यात मुंग्यांची रांग दिसली तर ती संपेपर्यंत हातात पिशवी घेऊन पायरीवर उभे राहणार. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला आक्का.

या अण्णांना नाद व्हायोलिनचा. वाजवायचा नव्हे, ऐकायचा, आणि तोही विलायती. एक जण पुढे उभा राहून वाजवतो आणि वीस-पंचवीस जण मागून साथ देतात, भजनात बुवा म्हणतो आणि बाकीचे उचलतात तसं. त्यातही अण्णांना चालतं ते फक्त जुन्या वाद्यांवरचं. म्हणजे ते संगीत ज्या काळात रचलं त्या काळात व्हायोलिन जसं होतं तसंच घ्यायचं, तारा तशा, गज तसा, सूरही आजच्यापेक्षा थोडा उतरलेला. अशा तबकड्यांनी त्यांचं एक कपाट भरलंय. भाचा परदेशात आहे, तो पाठवतो. एकच रचना अकरा जणांनी वाजवलेली, अशा अकरा तबकड्या मला दाखवल्या. मी म्हटलं, "अण्णा, सगळ्या सारख्याच की ओ." तर म्हणाले, "एकच आमटी अकरा बायकांनी केली तर सारखी लागंल का, आक्का?" मी म्हटलं, "मीठ सारखं घातलं तर लागंल." त्यावर दोन दिवस बोलले नाहीत.

ऐकणं म्हणजे पूजेच्या वर. सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. मग जिन्यात येऊन खाली वाकून विचारणार, "आक्का, कुकर किती वाजता लावतासा?" माझ्या घरात मी डाळ कधी शिजवायची हे विलायतेतले लोक ठरवायला लागले. ऊस तोडणीच्या दिवसांत तर हाल बघवत नसत. आमच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि प्रत्येकावर कर्णा लावलेला. एकदा हा माणूस रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि ओरडला, "काय पावणं, मरायचं हाय व्हय?" अण्णा हात जोडून म्हणाले, "न्हाय, संथ भाग चाललाय. दहा मिनिटं फक्त." ट्रॅक्टरवाल्यानं आवाज बंद केला. घाबरला असणार. माझ्या दाराची घंटा बिघडली तेव्हा नवीन बसवू दिली नाही, कारण जुनी म्हणे बरोबर उतरलेल्या सुरात वाजते. स्वतः स्टुलावर चढून दुरुस्त केली. अजून तीच आहे आणि अजून रडल्यासारखीच वाजते.

आता मुख्य गोष्ट. एकदा पाण्याच्या टाकीचं सांगायला मी वर गेले. व्हायोलिन चाललं होतं. वैनी, म्हणजे त्यांची बायको, खुर्चीत डोळे मिटून माळ ओढत बसलेल्या. रोज ऐकायला बसायच्या त्या. आजवर मी ते खालून, स्लॅबमधून गाळून आलेलं ऐकलं होतं. त्या दिवशी समोरून ऐकलं आणि म्हणून टाकलं, "हे तर पिंजाऱ्याच्या धनुकलीगत वाजतंय की!" लहानपणी गारगोटीला आमच्या दारात पिंजारी यायचा, कापूस पिंजायला. त्याच्या धनुकलीची तांत अशीच बोलायची, जरा खरखरीत, जरा माणसासारखी.

अण्णा ताडकन उठले. मला दंडाला धरून गॅलरीत नेलं. "हळू, आक्का. पाया पडतो. ती आत हाय."

मग कळलं. पिंजाऱ्याची तांत मेंढीच्या आतड्याची असते. आणि जुन्या व्हायोलिनच्या तारा? त्याही मेंढीच्याच. अण्णांना पहिल्या तबकडीपासून माहीत होतं. तबकडीबरोबरच्या पुस्तकातच छापलेलं. मुंगीसाठी जिन्यात थांबणारा हा माणूस रोज संध्याकाळी मेंढीचं आतडं ऐकत होता आणि बायकोला शेजारी बसवून ऐकवत होता. तिला कळलं तर कपाट रस्त्यावर जाईल, ही एक भीती. दुसरी भीती मोठी. त्यांच्यात पर्युषणाचे उपास संपले की सगळे एकमेकांची क्षमा मागतात. हे दोघं दरवर्षी खाली माझ्याकडेही यायचे, हात जोडायचे, "वर्षभरात काय चुकलं असंल तर क्षमा करा" म्हणायचे. मी म्हणायची, "चुकलं काय न्हाय, वाजलं तेवढं." तर अण्णा दरवर्षी बायकोचीही क्षमा मागत आले, आणि दरवर्षी ही एक गोष्ट पोटात ठेवून. "सांगितलं न्हाय तर ती क्षमा खोटी," म्हणाले. "आणि सांगितलं तर ती ऐकायला बसायची न्हाय."

पुढच्याच आठवड्यात वैनी वाटी घ्यायला खाली आल्या. जाताजाता विचारलं, "आक्का, धनुकली म्हनालासा त्या दिवशी. कशाच्या असतात ओ त्या तारा?" मी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही. सुनेला तोंडावर बोलते, डॉक्टरला बोलते. पण त्या दिवशी म्हटलं, "सुताच्या असतील, मला काय कळतंय." वैनी बरं म्हणाल्या आणि गेल्या.

त्या वर्षी क्षमा मागायला वैनी एकट्याच आधी आल्या. हात जोडले, आणि म्हणाल्या, "आक्का, सुताचं खोटं बोललासा, त्याची क्षमा केली."

मी त्यांना बसायला पाट दिला.

"पिंजारी आमच्याकडं बी यायचा की. तांत घरात नको म्हणून सासूबाई त्याला अंगणात बसवायच्या. तो आवाज मला कळत न्हाय व्हय? पहिल्या वर्षीच कळला."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"पुरुष माणसाला येक तरी गुपित असावं घरात. न्हायतर बाहेर शोधत्यात."

"आणि रोज बसतासा ते ऐकायला?"

"ऐकायला बसत न्हाय. ते तारा ऐकत्यात, मी त्या मेंढरांच्या नावानं माळ ओढतो. कुणीतरी ओढाय पाहिजे की." मग उठता उठता म्हणाल्या, "ऐकू येतंच म्हणा. वाईट न्हाय." आणि ह्यांना सांगू नका म्हणून गेल्या.

त्याच हिवाळ्यात वैनी गेल्या. झोपेत गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. त्यानंतर वरून आवाज बंद झाला. पंखा फिरायचा, फ्रिज घुरघुरायचा, मी वाटेल तेव्हा कुकर लावायची. मला बरं वाटायला हवं होतं. चार महिन्यांनी घरात उगीच कुणी नसल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून वर गेले. कपाटाला कुलूप होतं. विचारलं तर म्हणाले, "शेवटपर्यंत सांगितलं न्हाय मी तिला. आता क्षमा मागायची कुणाची?"

वैनींनी सांगू नका म्हटलं होतं. पण ते त्या जिवंत असताना. मी बसले आणि सगळं सांगितलं, सासूबाईंच्या अंगणापासून मेंढरांच्या माळेपर्यंत. अण्णा ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, "वाईट न्हाय म्हणाली?"

"तसंच म्हणाल्या."

"कुठली तबकडी होती त्या दिवशी?"

आता याला काय बोलायचं! मी उठून खाली आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यातून हाक आली, "आक्का, कुकर किती वाजता?" मी म्हटलं, "झाला लावून." मग वाजायला लागलं. परवा भाडं द्यायला आले नाहीत म्हणून मीच वर गेले तर अण्णा वैनींच्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, हातात वैनींची माळ. आता दोन्ही कामं त्यांच्याकडेच आहेत, तारा ऐकायचं आणि मणी ओढायचं. मी भाडं न मागता परतले.

मला ते अजून पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखंच वाटतं. पण पिंजारी आता कुणाच्या दारात येत नाही. म्हणून संध्याकाळी मीही पंखा बंद करते.