गुरुजींनी भरलेला फॉर्म

कुंभवलीच्या नरहरी गुरुजींच्या हाताखाली तीस वर्षांत एकही पोर नापास झालं नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांची युक्ती साधी होती. जे पोर जरा कच्चं वाटे, त्याला ते सातवीच्या परीक्षेलाच बसू देत नसत. "यंदा राहू दे, पुढल्या वर्षी बघू," म्हणत. मग नापास होणार कोण? पण ही गोम गावात कोणी काढली नाही. गुरुजींना तर ती गोम वाटतच नव्हती.

बासष्ट साली त्यांची मुलगी जयवंती सातवी झाली. पुढच्या शाळेसाठी बोईसरपर्यंत चालत जाऊन पालघरची गाडी धरायला हवी. घरात माई, म्हणजे तिची आई, दम्याने बेजार. चूल जयवंतीच्याच गळ्यात. त्यातून गुरुजींचे थोरले भाऊ आत्माराम म्हणाले, "पोरीला रोज गाडीनं धाडायची काय गरज हाय?" बाग, शेत, घर सगळं एकत्र आणि घरात शब्द आत्मारामांचा. गुरुजी त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मी घरीच शिकवीन. बाहेरून एस.एस.सी.ला बसवीन."

आणि त्यांनी खरंच शिकवलं, त्यात खोट काढायला जागा नाही. चार वर्षांचा अभ्यास त्यांनी शेतीच्या कामासारखा आखला. पावसाळ्यात गणित, कारण तेव्हा बागेत काम कमी. भांडी घासताना सनावळ्या, तांदूळ निवडताना मराठी कविता. शेवटच्या वर्षी दिवाळीपर्यंत सगळी पुस्तकं एकदा संपवायची, संक्रांतीपर्यंत दुसऱ्यांदा, आणि मग जुन्या प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ ठेवून. तीन तास संपले की गुरुजी पोरीच्या हातातला टाक काढून घेत, वाक्य अर्धं असलं तरी. जयवंती कुरकुरत नसे. तिला हायस्कुलात शिकवायचं होतं. "त्याला बी.ए. लागतं अण्णा," ती बापाला सांगे. अंधेरीच्या मामाने कॉलेजसाठी घरात ठेवून घ्यायचंही कबूल केलं होतं.

घोडं पेंड खात होतं ते इंग्रजीपाशी. गुरुजींचं इंग्रजी पाकिटावरच्या पत्त्यापुरतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेजारच्या खोलीत कमलाकांत नावाचा तरुण ओव्हरसियर राहत होता. मूळचा अमरावतीकडचा, तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं म्हणून आलेला. त्याने बापलेकीचं इंग्रजी वाचन भिंतीपलीकडून किती दिवस सोसलं, देव जाणे. एका संध्याकाळी तो ओटीवर येऊन म्हणाला, "गुरुजी, रोज तासभर मी शिकवत जाईन. माईंसमोर बसून. पैसे-बैसे काही नकोत."

"आमचं ठीक चाललंय," गुरुजी म्हणाले.

माईला त्यांनी कारण सांगितलं, की घरात उपवर पोर, परका माणूस कशाला? खरं कारण ते स्वतःलाही सांगत नव्हते. आपल्या ओटीवर दुसरा कोणी शिकवणार आणि आपण बघत बसणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

पासष्टच्या दिवाळीत आत्मारामांनी स्थळ आणलं. पालघरचं घर, मुलगा कापडाच्या दुकानात. गुरुजींनी एक वर्ष मागून घेतलं. आत्माराम माईच्या खाटेशी उभे राहून म्हणाले, "येत्या जूनात कॉलेजात नाव लागलं तर लगीन थांबवू. नाय लागलं तर पुढल्या सालच्या मार्गशीर्षात उडवायचं. हाय कबूल?" गुरुजी हसून कबूल म्हणाले. पोरगी पास होणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

परीक्षेचा फॉर्म भरायला बापलेक पालघरला गेले. हायस्कुलातल्या कारकुनाने विचारलं, "इंग्रजी हायर की लोअर?"

"सोपं कुठलं?"

"लोअर."

"मग लोअर लिहा."

जयवंतीने बापाची बाही ओढली. "अण्णा, हायर लिवा. मी करीन."

"आनि नापास झालीस तर?"

तिने बाही सोडली. अशी दोन इंग्रजी कशासाठी ठेवलीत, हे गुरुजींनी विचारलं नाही. तीस वर्षांत त्यांनी एकच प्रश्न शिकला होता, पोर पास होईल का? पास होऊन पुढे कुठे जाईल, हा प्रश्न त्यांच्या शाळेत नव्हताच.

जूनमध्ये निकाल लागला. एकसष्ट टक्के. गुरुजींनी गावभर पेढे वाटले, कमलाकांतलाही दिले, जरा जास्तच आग्रहाने. आठवड्याने बापलेक मुंबईच्या कॉलेजात गेले. तिथल्या माणसाने गुणपत्रिका पाहिली आणि परत दिली. "लोअर इंग्लिशवर कॉलेजात प्रवेश मिळत नाही, गुरुजी. हायर घेऊन पुन्हा बसवा मुलीला."

"पन ती पास झालेली हाय," गुरुजी म्हणाले. त्यांनी ते तीनदा सांगितलं. तो माणूसही तीनदा हो म्हणाला.

घरी त्यांनी आत्मारामांकडे आणखी एका वर्षाची गोष्ट काढली. आत्माराम म्हणाले, "माईसमोर शब्द दिलावतास का नाय?" दिला होता. मार्गशीर्षात जयवंती पालघरला सासरी गेली.

पण लग्नाआधीच गुरुजींनी मार्चचा फॉर्म आणून तिची सही घेतली होती. या खेपेला त्यांनी स्वतःच्या हाताने हायर लिहिलं. आणि ज्याला ओटीवरून परत पाठवलं होतं, त्या कमलाकांतच्या दारात हा साठीला टेकलेला माणूस वही घेऊन गेला. रोज तासभर मांडी घालून शिकायचा, चुकलं की कान पकडायचा. शिकलेलं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून दर पंधरवड्याला पालघरला नेऊन द्यायचा. व्याही भला माणूस. म्हणाला, "बसू दे की परीक्षेला. आमची ना नाय." जयवंती वही घ्यायची, "ठेवते" म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची.

इंग्रजीच्या पेपराच्या सकाळी गुरुजी सातलाच पालघरच्या केंद्रावर पोचले. दौत, दोन टाक आणि टिपकागद घेऊन फाटकाशी उभे राहिले. पोरं आली, आत गेली. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. शिपायाने फाटक लावलं तरी गुरुजी अर्धा तास तिथेच होते, उशिरा आलेल्यांना घेतात म्हणून.

मग ते तिच्या घरी गेले. वाटेत त्यांनी मनाशी सगळं ठरवलं होतं. सासूने अडवलं असेल तर हात जोडायचे. आजारी असेल तर ऑक्टोबर आहेच. आपल्यावर रुसली असेल, तर सरळ सांगायचं, माझं चुकलं गो बाय.

जयवंती मागल्या दारी पापड वाळत घालत होती. बापाला बघून हसली, पदराला हात पुसले.

"अण्णा, सकाळचेच आलाव? बाजारात काम व्हतं?"

गुरुजींनी हातातली दौत तिच्यापुढे धरली. तिने दौतीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"अगो बाय," ती म्हणाली, "आज व्हता काय पेपर?"

ती सोंग करत नव्हती. बापाला तिचा चेहरा पाठ होता. ती खरंच विसरली होती.