जादाचा पाव तास

आमच्या स्टाफरूममध्ये चहा यायला उशीर झाला, की कुणीतरी 'ती बॅच' काढतंच. ती बॅच म्हणजे कोरोना आला तेव्हा आठवीतून घरी गेलेली, नववी मोबाइलवर केलेली आणि दहावीला आमच्यासमोर येऊन बसलेली. माण तालुक्यातलं आमचं हायस्कूल तसं लहान, पण त्या एका वर्षाचे किस्से अजून पुरतायत. मी मराठी शिकवते. त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडेच येतं, आणि मी ते कधी टाळलेलं नाही!

*

बोर्डाचं परिपत्रक आलं, तेव्हा हेडसर ते घेऊन थेट वर्गात गेले. अभ्यासक्रम कमी केलाय, परीक्षा आपल्याच शाळेत, मोठ्या पेपरला अर्धा तास जादा आणि छोट्या पेपरला पाव तास. सरांना वाटलं, पोरं टाळ्या वाजवतील. पोरं आपापल्या हातांकडे बघत बसली.

शेवटी सुरेखा उठली. "सर, वेळ वाढवलाय, पण हाताचं काय?"

सरांना काही कळेना. दुसऱ्या दिवशी सराव पेपर घेतला, तेव्हा कळलं. पाऊण तासात सगळी पेनं खाली आणि अख्खा वर्ग मनगटं झटकत बसलेला. दोन वर्षं कुणी सलग पानभरसुद्धा लिहिलं नव्हतं. मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

*

"मनगट म्हणजे माझा विषय," पीटीचे सर म्हणाले. त्यांना सगळे पैलवानच म्हणतात. तरुणपणी सांगलीच्या तालमीत होते. त्यांनी रोज प्रार्थनेनंतर दहावीला ओली पोती पिळायला लावली. मग तिळाचं तेल लावून मनगटं चोळायची, आणि मग तासभर लिहायचं. काय लिहायचं? काहीही! एकानं सलग तीन दिवस आपल्या म्हशीवर लिहिलं.

नेमके एके सकाळी शिक्षण विभागाचे साहेब तपासणीला आले. मैदानावर दहावीचा वर्ग पोती पिळतोय. हेडसरांचा चेहरा उतरला. साहेबांनी विचारलं, हा कुठल्या विषयाचा तास?

पैलवान ताठ उभे राहिले. "मराठी, साहेब. निबंधलेखन."

*

सुरेखाबद्दल जरा सांगायला हवं. तिचे वडील, धुळाआण्णा, मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन उसाच्या मुलखाकडे निघायचे आणि मोकळ्या झालेल्या रानांत ती खतासाठी बसवायचे. शाळा मोबाइलवर होती तोवर सुरेखाही त्यांच्याबरोबर फिरली. दहावीला मात्र तिनं हट्टानं शाळा धरली. आण्णांनी एवढंच बजावलं होतं, दहावी निघाली तर पुढं शीक, न्हाईतर मेंढरं हायतीच.

हेडसर भूगोल शिकवतात. एकदा ते सुरेखाचा सराव पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यापुढे ठेवला. ज्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती तिथं तिनं कारण लिहिलं होतं. 'हा धडा झाला तवा आमी मलकापूरला होतो.' त्याखाली, 'फलटणजवळ. रेंज न्हवती.' त्याखाली, 'वाईजवळ. मोबाइल भिजला.'

सर म्हणाले, जिल्ह्याचा भूगोल हिच्याइतका मलाही येत नाही. शून्य काही त्यांनी दिलं नाही. लाल पेनानं खाली लिहिलं, 'उद्यापासून मलकापूर घेऊ.' आणि खरंच घेतलं. शाळा सुटल्यावर आधी मलकापूर, मग फलटण. वाई संपली तेव्हा सरांनी पेढे वाटले!

*

आई-वडील मेंढरांमागं, म्हणून परीक्षेपुरती सुरेखा माझ्याकडे राहिली. पोरगी अभ्यास करायची ती चालत. मेंढरांमागं चालता चालताच वाचायची सवय लागलेली. माझ्या अंगणात तिनं इतक्या फेऱ्या मारल्या, की शेजारच्या काकूंनी मला विचारलं, हिनं कसला नवस बोललाय? पेपरात सलग साडेतीन तास बसणार कशी, या काळजीनं माझाच घास गोड लागेना.

पहिल्या पेपराला ती बसली. वर अगदी स्थिर, हात चाललेला. पण बाहेरच्या शाळेतून आलेल्या पर्यवेक्षक बाईंना काहीतरी खटकलं. त्यांनी हळूच वाकून बाकाखाली बघितलं. कॉपी नव्हती. सुरेखाची पावलं मात्र एकामागून एक पडत होती, थांबायचं नाव नाही.

पेपर सुटल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "ती मुलगी कुठं निघाली होती हो?"

*

निकाल आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. सुरेखाची दहावी निघाली, चांगली निघाली. हल्ली फलटणला नर्सिंग शिकते. पण स्टाफरूममध्ये निकालाची गोष्ट कुणी काढत नाही, काढतात ती शेवटच्या पेपराची.

तो पेपर भूगोलाचा होता. सुटायची वेळ सुरेखानं आण्णांना फोनवर सांगितली होती, जादाचा पाव तास सांगायचा राहिला. मी व्हरांड्यात उभी होते. ओढ्यापलीकडच्या माळावर मेंढरं येऊन थांबली. ती कुणावर टाकून येता येत नाहीत, म्हणून आण्णा दोन मुक्काम जादा चालून सगळा कळपच घेऊन आले होते. एवढा कळप आणि घंट्यांचा आवाज कसा नाही, याचं मला नवल वाटलं.

कळपापाशी बायकोला ठेवून आण्णा एकटेच फाटकापर्यंत आले, एकेक पाऊल जपून टाकत. डोकं उघडं. पटक्याचं गाठोडं करून छातीशी गच्च धरलेलं. मी म्हटलं, आण्णा, अजून पाव तास आहे, सावलीत बसा.

"ऱ्हाऊ द्या, बाई. हाललं की वाजतंय."

गाठोड्यात सगळ्या कळपाच्या गळ्यातल्या घंट्या होत्या. भर दुपारच्या उन्हात ते तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं पैलवान सर त्यांच्याशेजारी जाऊन उन्हात उभे राहिले.

शाळेची घंटा झाली. सुरेखा मनगट झटकत बाहेर आली आणि फाटकाशी थबकली. पेपर कसा गेला, हे आण्णांनी विचारलं नाही. त्यांनी गाठोडं तिच्या हातात दिलं.

"जा, बांध. आता वाजू देत."